विटलेली फीत

कार्यालयात तिला त्रुटीताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठ वळली की पूर्ण.

सरकारी जमिनीत तेलासाठी किंवा वायूसाठी विहीर पाडायची, तर कंपनीला या कार्यालयाचा परवाना लागे. अर्ज आधी तिच्या टेबलावर येई. जागा कुठली, रस्ता कुठून, पोलादी नळ किती खोलवर घालणार, वर येणारं घाण पाणी कुठे साठवणार, काम संपल्यावर जमीन पुन्हा सारखी कशी करणार. अर्ज जाडजूड असत आणि बहुतेक एकमेकांवरून उतरवलेले. भाजी निवडताना एखादीला अळी आपोआप दिसते, तसं तिला चुकलेलं पान दिसे. मग ती त्रुटी कळवी, अर्ज परत जाई. कंपन्यांची माणसं दात-ओठ खात, आणि पुढच्या खेपेला तिच्यासाठी कॅलेंडर घेऊन येत. तिच्या घरी एकही कॅलेंडर नव्हतं. सगळी तिने जिन्याखालच्या शिपायाला दिली होती, आणि त्याच्या खोलीत एकाच महिन्याची आठ चित्रं शेजारीशेजारी लटकत.

ती रसायनशास्त्र शिकली होती. पुढे शिकायचं होतं, पण वडील गेले तेव्हा धाकटी बहीण शाळेत होती आणि आई त्याच्या आधीच गेलेली. या कार्यालयात तेव्हा अर्जांचे गठ्ठे बांधायला हंगामी माणूस हवा होता. ती गठ्ठे बांधता बांधता वाचू लागली. वाचता वाचता कायम झाली. लोक नोकरीला लागतात, तिला नोकरी लागली, एखादी सवय लागावी तशी. मध्ये एक स्थळ आलं होतं. ताईने त्याच्यात दहा त्रुटी काढल्या, असं बहीण आल्यागेल्याला रंगवून सांगे. खरं म्हणजे तिने एकच काढली होती. तो धाकट्या बहिणीला वसतिगृहात ठेवू म्हणाला होता.

धाकटीचं लग्न तिनेच लावून दिलं. नवरा रिगवर, म्हणजे विहीर पाडणाऱ्या यंत्रावर, ड्रिलर. पंधरवडाभर तो माळावर असे आणि पंधरवडाभर घरी. त्या वेळी कुठे वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणून तिने वरच्या दोन खोल्या त्यांना दिल्या, आणि ते तिथेच राहिले. पुढे भाची झाली. तिला सगळे टिचकी म्हणत. टिचकी जेवायला वर आणि बाकी सगळ्याला खाली, असा तिचा कारभार होता. संध्याकाळी ताई कुलूप काढायच्या आत जिन्यावरून पावलं धडधडत येत. ताई कपाळाला आठी घालून म्हणे, "आली, तपासणीला आली." त्या पावलांशिवाय घरात कसं शिरायचं ते ती विसरून गेली होती, पण हे तिला माहीत नव्हतं. आपण एकट्या राहतो आणि बहीण वर राहते, असंच ती लोकांना सांगे.

त्या वर्षी जो अर्ज आला, त्यात रिगचं नाव तिच्या मेहुण्यांच्या रिगचं होतं.

ती सरळ साहेबांकडे गेली. साहेब गुबगुबीत, दमेकरी आणि मनाने बरे होते. त्यांना निवृत्तीची वाट पाहायचा कंटाळा आला होता.

"ही फाईल दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "माझ्या घरचा माणूस आहे यात."

"ताई, इथे कुणाच्या घरचा माणूस कशात नाही? नातं बघून फायली वाटायच्या ठरवल्या तर सगळ्या त्या मांजरापुढे ठेवाव्या लागतील." साहेबांनी खिडकीत झोपलेल्या मांजराकडे बोट केलं. "आणि माझा तर संशय आहे, तेही कँटीनवाल्याच्या मेव्हण्याचं आहे."

"मग तसं लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. फाईल तिच्याकडेच राहिली.

घरी ती काही बोलली नाही. मेहुणेच बोलले. ताट पुढे ओढून त्यांनी सांगितलं, की रिग नुसती आवारात उभी आहे, गंज खात. मालकाला दूरवरचं मोठं काम चालून आलंय. इथल्या कंपनीचा परवाना महिन्याच्या आत निघाला तर कंपनी रिग धरून ठेवणार. त्या उतारावर एकामागून एक विहिरी आहेत, वर्षानुवर्षांचं काम. नाही निघाला तर मालक रिग सुटी करून ट्रकवर चढवणार.

"आणि रिग गेली की?" ताईने विचारलं.

"रिग गेली की आम्ही गेलो. इथे दुसरी रिग माझ्यासाठी थांबलीय थोडीच. पण ताई, मी काही मागत नाही हं."

"मागू नका, जावईबुवा. जेवा."

"मागत नाहीच म्हणतोय मी."

"दोनदा म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणालात की मी त्याला अर्ज समजेन."

बहीण हसली. "तिला सांगूच नका काही. वरणात त्रुटी काढेल ती आता."

"मीठ कमी आहे," ताई म्हणाली, आणि टिचकीसकट सगळे हसले.  हसणं ओसरल्यावर मेहुणे ताटातलं बोटाने निपटत राहिले.

अर्ज चांगला होता. तिने त्यात दोन बारीकशा त्रुटी काढल्या, कंपनीने त्या भरून दिल्या. राहिली होती जागापाहणी. अर्ज कितीही चांगला असला तरी त्या जागेवर जाऊन, कंपनीच्या माणसासमोर आणि तिथे जनावरं चारण्याचा परवाना असलेल्या माणसासमोर, पाहणी करावी लागे. विहीर जिथे पाडायची तिथे कंपनी आधीच खुंटी ठोकून ठेवते आणि तिला फीत बांधते. प्रत्येक कंपनीच्या फितीचा रंग ठरलेला. या कंपनीचा गुलाबी.

कंपनीचा मोजणीदार नवा होता. उंच, वाकलेला, बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघणारा. खुंटी ठोकणारा जुना मोजणीदार नोकरी सोडून गेला होता. चराईवाला म्हातारा मेंढ्या सोडून उतारावर येऊन बसला होता. वारा एवढा होता की तिघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. वाळलेलं गवत एकाच दिशेला आडवं झालं होतं.

"ती बघा आपली खुंटी," मोजणीदार म्हणाला. "गुलाबी."

जागा मोजायचं यंत्र जीपमध्येच राहिलं. त्या वाऱ्यात ते उभं करायचं म्हणजे जिवावर येणारं काम, आणि खुंटी तर डोळ्यांसमोर होती. अशा वेळी कुणीच यंत्र काढत नाही. फीत पाहायची, टेप लावायची, ही सगळ्यांची रीत.

त्या उताराखाली एक घळ होती आणि घळीत झरा. नकाशात झरा एका निळ्या ठिपक्यापुरता होता. जमिनीवर तो ठिपका नव्हता. कुठे ओल वर येई, थोडी वाहे, पुन्हा जिरे, आणि वळणापलीकडे पुन्हा दिसे किंवा दिसत नसे. विहीर वाहत्या पाण्यापासून दोनशे मीटरच्या आत नको, असा नियम. त्यांनी खुंटीपासून सगळ्यांत जवळच्या पाण्यापर्यंत टेप नेली. दोनशे तीस भरलं. म्हाताऱ्याने मान हलवली. तिने खुंटीजवळ उभं राहून चारही दिशांचे फोटो काढले, शिफारस लिहिली आणि ते परतले. येताना तिला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याचा थोडा राग येत होता.

फाईल सहीला लागली त्या दिवशी महिना संपत आला होता. साहेब दुपारनंतर रजेवर निघणार होते, दम्याचे उपचार घ्यायला. तिला फक्त फोटो जोडून फाईल त्यांच्याकडे सरकवायची होती. फोटो ती नेहमी मोठे करून बघे, त्यात काही बघण्यासारखं नसलं तरी. गवत, आभाळ, गवत. तिसऱ्या फोटोत, दूर गवतात, एक ठिपका होता. गुलाबी. चांगला ठसठशीत गुलाबी.

ती चौथा फोटो सोडून पहिल्याकडे गेली. त्यात खुंटी तिच्या बुटाजवळ होती. तिची फीतही गुलाबी, पण फिकी, जुन्या पातळासारखी. तिने फोटो आणखी मोठा केला. फितीची गाठ पडद्यावर मुठीएवढी झाली. गाठीच्या घडीत, जिथे ऊन शिरत नाही तिथे, फीत लाल होती.

दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच उतारावर दुसऱ्या एका कंपनीने अर्ज केला होता, आणि तेलाचे भाव पडल्यावर तो मागे घेतला होता. त्यांची फीत लाल. गेलेल्या कंपनीच्या खुंट्या कुणी उपटत नाही; ते कुणाचंच काम नसतं. ऊन तेवढं आपलं काम करत राहिलं होतं.

तिने मोजणीदाराला फोन लावला.

"तुमची फीत गाठीच्या आत कुठल्या रंगाची असते?"

"गाठीच्या आत कोण बघतं, ताई?"

तिने सांगितलं. 

"आयला," तो म्हणाला. मग, "साहेबांची सही झाली?"

"नाही."

"झाल्यावर दिसलं असतं तर बरं झालं असतं." तो कागद चाळत होता. "साठेक मीटरचा फरक असेल दोन खुंट्यांत. आपली खरी खुंटी वळणाच्या बाजूला."

"वळणात पाणी आहे?"

"वळणात गेलंय कोण!"

तिने म्हाताऱ्याला फोन लावला. मेंढ्यांच्या आवाजातून तो म्हणाला, "वळणात? असते की ओल. कधी असते, कधी नसते. तुम्हाला कोणतं चालेल? तसं सांगतो."

"खरं सांगा."

"खरं तर मी तिकडे उतरतच नाही हल्ली. गुडघे गेलेत."

माळावर जाऊन यायचं तर दिवस मोडणार होता. ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब पिशवीत औषधं भरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिला, गाठ पाहिली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"थांबवता येईल?" तिने विचारलं. "दोन दिवस."

"तुम्हाला माहीत आहे ताई. पडद्यावर दोनच बटणं. मंजूर आणि परत. थांबा असं बटण द्या म्हणून मी वर लिहिलं होतं. उत्तर आलं, विनंती परत." ते स्वतःशीच हसले आणि खोकले. "परत केलं तर अर्ज रांगेच्या शेपटाला. पुन्हा पाहणी, पुन्हा सगळं. महिना गेला."

"हो."

"आता हे बघा. दोनशे तीस भरलं होतं. वळणात पाणी असेलच असं नाही. असलं तरी जवळ असेलच असं नाही. शक्यता आपल्या बाजूने आहे."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

 साहेबांनी पिशवीची चेन ओढली. "फाईल अजून तुमच्याकडे आहे. माझ्याकडे आली तर मी सही करीन, तुमच्या शिफारशीवर. मी चहा घेऊन येतो."

ती जागेवर आली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी सफरचंद कापत होतं. खिडकीबाहेर एक माणूस गाडीच्या काचेवर पाणी मारत होता आणि ते पाणी काचेवरून वाकडंतिकडं खाली येत होतं. तिने कुठलीही तुलना केली नाही. एका बाजूला वरच्या दोन खोल्या आणि दुसऱ्या बाजूला एक घळ, असं तागडीत घालून बघायचं म्हटलं असतं तर काय झालं असतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तागडीला हातच लावला नाही. आपण जे पाहिलं नाही ते पाहिलं असं आपल्या अक्षरात लिहिलेलं आहे, एवढंच तिने मनात धरलं. मग त्रुटीच्या रकान्यात लिहिलं, पाहणी चुकीच्या खुंटीवर झाली, चूक पाहणी करणाऱ्याची, आणि परतचं बटण दाबलं. पडद्याने विचारलं, नक्की? तिने पुन्हा दाबलं.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. टिचकीला वर बसवून ठेवलं होतं. बहीण खालच्या खोलीत उभी होती, मेहुणे खुर्चीत.

"फीत," बहीण म्हणाली. "फितीसाठी केलंस हे."

"फितीसाठी नाही. पाण्यासाठी."

"आहे तिथे पाणी?"

"माहीत नाही."

"माहीत नाही!" बहीण हसली, वाईट हसली. "ऐकलंत ना? माहीत नाही म्हणे. आमचं बिऱ्हाड उठवलं, आणि पाणी आहे का तर माहीत नाही!"

"तू जरा बस," मेहुणे म्हणाले.

"का बसू? लहानपणापासून बसलेच आहे हिच्यासमोर. माझी वही बघितली, माझं स्थळ बघितलं. मला वसतिगृहात धाडू दिलं नाहीस ना ताई, मग आज कुठे धाडलंस?"

 ताईकडे उत्तर होतं, पण ते मोठं होतं आणि त्या खोलीत मावलं नसतं.

"ताई," मेहुणे हळूच म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतंत. मी गेलो असतो वळणात. मोटरसायकलवर. बघून आलो असतो."

"तुम्ही बघून चाललं नसतं, जावईबुवा."

"चालायची गरज नव्हती. तुम्हाला कळलं असतं."

हे तिला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी तिने केलं नसतं, पण सुचलं नव्हतं ही गोष्ट पुढे बरेच दिवस तिला सतावत राहिली.

रिग सुटी व्हायला थोडे दिवस लागले. उंच मनोरा आडवा करून लांबलचक ट्रकवर बांधला, तेव्हा तो एखाद्या पडलेल्या पुलासारखा दिसत होता. कामगार एकमेकांना शिव्या देत हसत होते. नवं काम म्हटलं की पुरुषांना उगीच तरतरी येते. वरच्या खोल्यांतलं सामान टेंपोत चढलं. टिचकी टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसायला मिळणार म्हणून खूश होती, आणि खूश असल्याचं मध्येच आठवून गप्प होत होती. "मावशी, तुला सुट्टी कधी?" तिने विचारलं. "अर्ज करावा लागेल," ताई म्हणाली. "मग त्रुटी काढू नकोस," टिचकी म्हणाली. ते ऐकून बहिणीने तोंड फिरवलं. हसू आलं म्हणून की रडू, ते ताईला दिसलं नाही.

दुसरी पाहणी झाली तेव्हा गवत कापल्यासारखं बुटकं झालं होतं. या खेपेला मोजणीदाराने यंत्र आधी काढलं. खरी खुंटी गवतात तिरपी उभी होती, फीत झगझगीत. ते वळणात उतरले. म्हातारा वर बसून हातवारे करत राहिला. ताईने घळीचा तळ बोटाने उकरून पाहिला, एकदा, मग थोडं पुढे जाऊन पुन्हा. माती कोरडी होती. वळण ओलांडल्यावरही कोरडी. पाणी पुष्कळ पुढे, खडकाच्या बेचक्यात होतं. टेप लावली. दोनशे बासष्ट.

मोजणीदाराने आकडा मोठ्याने म्हटला आणि मग तिच्याकडे न बघता टेप गुंडाळू लागला. "आधीच्यापेक्षा जास्त आलं," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"तसं बघायला आपण आलोच नव्हतो," ती म्हणाली.

त्याने जाताना लाल फितीची जुनी खुंटी उपटली आणि जीपमध्ये टाकली. परवाना निघाला. कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीची रिग आली. तिच्यावरचा ड्रिलर कोण आहे हे ताईने विचारलं नाही.

फोन एका रविवारी आला. मेहुण्यांचा. तिकडची हवा, टिचकीची शाळा, इकडची हवा. मग ते म्हणाले, "ताई, कानावर आलं परवाना निघाला म्हणून. मोजलंत ना वळणात?"

"मोजलं."

"किती भरलं?"

ती उभी होती, ती बसली. एकशे ऐंशी म्हटलं असतं तर तिकडे सुस्कारा सुटला असता. मेहुणे म्हणाले असते, बरं झालं ताई, तुम्ही होतात म्हणून. बहिणीला सांगितलं असतं. बिऱ्हाड उठलं तरी निदान कशापायी उठलं ते त्यांना कळलं असतं. सगळ्यांचं थोडं थोडं भलं झालं असतं. माळावर टेप घेऊन कुणी जाणार नव्हतं.

"दोनशे बासष्ट," ती म्हणाली.

"म्हणजे चाललं असतं."

"चाललं असतं."

मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. बहीण ऐकत होती, हे उघड होतं. फोन हातातून हातात गेला.

"ताई," बहीण म्हणाली. गेल्यापासून पहिल्यांदाच. "वरचं आमचं कपाट आहे ना, ते विकून टाक. इकडे न्यायचं नाही आता ते."

"ते दारातून निघणार नाही. आत आणून जोडलं होतं."

"मग तिथेच जोडलेल्या फळ्या सुट्या कर. सुतार बोलाव."

"बोलावते."

"आणि लाकूड चांगलं आहे. कुणालाही देऊ नकोस, बघून दे."

"बघूनच देईन," ताई म्हणाली.

 "ते माहीत आहे," बहीण म्हणाली, आणि टिचकीला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.